मागचा पंखा शून्य

आमच्या समोरच्या मिलिंदभाऊंना चहा द्यायचा असेल तर कप पुढे करायचा आणि गप्प बसायचं. ते शर्टाच्या खिशातून पेनासारखा एक थर्मामीटर काढतात, त्याची सळई चहात बुडवतात आणि वरच्या आकड्याकडे बघत राहतात. आकडा बासष्टवर उतरला की पहिला घोट. तोवर तुम्ही कितीही म्हणा, "घ्या हो, निवला आता," भाऊंचं एकच उत्तर: "अंदाज नको. आकडा सांग."

पहिल्यांदा हा प्रकार बघितला तेव्हा मला वाटलं, माझ्या चहाचा अपमान चाललाय. मी म्हटलं, "भाऊ, विष नाही घातलेलं." तर म्हणाले, "विष यात कळत नाही. त्याला वेगळं यंत्र लागतं." आता यावर काय बोलणार, कपाळ? बरं, टोमणा मारत होते म्हणावं तर तसंही नाही. माणूस खरोखर माहिती देत होता.

मी वैशाली. घाटकोपर पूर्वेला आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर माझं ब्युटी पार्लर आहे आणि तिसऱ्या मजल्यावर घर. भाऊ एका कारखान्यात होते. तिथले थर्मामीटर, प्रेशरचे गेज खरं बोलतात की खोटं, हे तपासायचं त्यांचं काम. कारखाना बंद पडला, भाऊ घरी आले, पण तपासणी काही बंद पडली नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी म्हणाले, "पाण्याला प्रेशर नाही," की हे उठून विचारणार, "नाही म्हणजे किती?" माझ्या पार्लरमध्ये एक बाई केस गळतात म्हणून रडकुंडीला आली होती. भाऊ काहीतरी मागायला आले होते, दारातूनच म्हणाले, "रोजचे किती?" बाई पुन्हा काही माझ्याकडे फिरकली नाही. भाऊंनी लग्न केलं नाही. आई होती तोवर आई आणि हे, दोघंच.

आईचं शेवटचं वर्ष मी बघितलंय. सकाळ-दुपार-संध्याकाळ ताप, नाडी, ऑक्सिजन, सगळं हे मोजायचे. बोटाला लावायचं ते यंत्र तर आईंच्या उशाशीच असायचं. आई मला म्हणायच्या, "वैशाली, माझा हात हा धरतो, पण आकड्यासाठी धरतो गं." आणि हसायच्या. आई गेल्या आणि त्या घरात मोजायला काही उरलंच नाही. त्यानंतर भाऊंचं सगळं लक्ष गेलं ते कॉम्प्युटरच्या आतल्या एका चिपकडे.

हे प्रकरण मला कळलं तेवढं सांगते. कॉम्प्युटरच्या डब्यात, मुख्य बोर्डावर, नखाएवढी एक चिप असते. आत कुठे किती तापलंय, कुठला पंखा किती जोरात फिरतोय, यावर लक्ष ठेवणं एवढंच तिचं काम. भाऊंच्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी लिनक्स नावाची सिस्टिम आहे. ती फुकट मिळते आणि जगभरातले लोक मिळून ती बनवतात. पण भाऊंच्या बोर्डावरची चिप नवी निघाली आणि लिनक्सला तिची भाषाच येईना. मधे एक छोटा प्रोग्राम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. मी म्हटलं, "म्हणजे दुभाषी." भाऊ खूश झाले. म्हणाले, "बरोबर. आणि या चिपला दुभाषी नाही."

त्यामुळे तापमान बघायला गेलं की पडद्यावर यायचं, 'उपलब्ध नाही'.

"माझ्या घरात, माझ्या टेबलावर, माझ्याच मशीनचं तापमान मलाच उपलब्ध नाही?" भाऊ एवढे चिडलेले मी आधी कधी बघितले नव्हते. मी म्हटलं, हात लावून बघा की. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जणू मी त्यांना हात बघून भविष्य सांगायला सांगितलं.

मग त्यांनी ठरवलं, दुभाषी आपणच लिहायचा. आणि नुसता लिहायचा नाही, तर तो लिनक्समध्ये कायमचा घालून घ्यायचा. चिप बनवणाऱ्या कंपनीला त्यांनी विचारलं, आतली माहिती द्या. कंपनीने आभार मानले आणि माहिती दिली नाही. आता उरला एकच मार्ग. चिपच्या पोटात आकड्यांचे शेकडो कप्पे. त्यातला कुठला कप्पा कशाचा, हे बोर्डाला गरम-थंड करून शोधायचं.

इथे माझा हेअर ड्रायर कामाला लागला.

"वैशाली, ड्रायर आण. आणि वॅक्सिंगच्या लाकडी पट्ट्या."

"पट्ट्या कशाला?"

"पंखा थांबवायला."

माझ्या खुर्चीत एक बाई तोंडाला लेप लावून बसलेली, आणि मी वर भाऊंच्या हॉलमध्ये उघड्या कॉम्प्युटरवर ड्रायर धरून उभी. भाऊ पडद्याकडे बघत हुकूम सोडतायत: "डावीकडे. अजून डावीकडे. थांब! हलू नकोस. आता बर्फ." बर्फ बाजारातल्या कोळणीकडून आणलेला, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेला, तरी घरभर बोंबलांचा वास. बर्फ टेकवला की एखाद्या कप्प्यातला आकडा हळूच उतरायचा आणि भाऊ टाळी वाजवायचे. "सापडलं! हे पोटातलं तापमान." पट्टीने मागचा पंखा अडवला की दुसऱ्या कप्प्यातला आकडा घसरून शून्य. "हा मागचा पंखा!" खोटं कशाला सांगू, मलाही मजा यायला लागली होती. खाली लेप वाळून बाईचं तोंड उघडेना झालं, ते वेगळं. फेशियल फुकट करून द्यावं लागलं.

ड्रायव्हर तयार झाला. आता तो पाठवायचा. याची एक जगावेगळी रीत आहे. सगळं ईमेलने, सगळ्या जगासमोर. एक यादी असते, तिच्यावर पाठवलेला मेल कोणीही वाचावा. तिथे परदेशातला एक गृहस्थ बसलेला. लिनक्सच्या या कोपऱ्यात काय शिरणार आणि काय नाही, हे तो ठरवतो. मी त्याचं नाव हेडमास्तर ठेवलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट चुका. इथे जागा जास्त सोडलीये. इथे टिप्पणी चुकीची लिहिलीये. हे पुन्हा करा. ते कशाला केलंत?

भाऊ दुरुस्त करून पाठवायचे. हेडमास्तर परत फाडायचा. असं किती वेळा झालं, कोण मोजणार? म्हणजे भाऊंनी मोजलं असेल.

मला राग यायचा. "फुकट काम करायचं आणि वर बोलणी खायची? सांगा ना त्याला, तूच लिही म्हणावं."

"बोलणी नाहीत ती," भाऊ शांतपणे म्हणायचे. "तो मला तपासतोय. मी आयुष्यभर दुसऱ्यांचे काटे तपासले. माझा कोणी तपासला नव्हता."

शेवटी एका सकाळी भाऊ मेल छापून घेऊनच पार्लरमध्ये आले. हेडमास्तर म्हणत होता, काम चांगलं आहे. मी पेढे आणायला निघाले तर भाऊ म्हणाले, "पुढचं ऐक." पुढे लिहिलं होतं: कंपनीची माहिती हातात नाही, आणि हे सगळं एकाच मशीनवर बघितलेलं आहे. असाच बोर्ड असलेल्या दुसऱ्या कोणीतरी तपासून सांगितल्याशिवाय मला हे घेता येणार नाही.

"मग त्यात काय, शोधा दुसरा," मी म्हटलं.

भाऊंनी मेलच्या कागदाची घडी घातली. म्हणाले, "दुकानदाराने हे दोनच बोर्ड मागवले होते. दोन्ही मीच घेतले."

"दुसरा कुठाय मग?"

"जोगेश्वरीला."

माझी ट्यूब तेव्हा पेटली. जोगेश्वरीला भाऊंचे थोरले बंधू राहतात, सिद्धार्थदादा. कॉलेजात गणित शिकवायचे, आता रिटायर. बायको गेलेली, मूलबाळ नाही. आई असताना भाऊंनी लिनक्ससकट दोन एकसारखे कॉम्प्युटर जुळवले होते, एक स्वतःला, एक दादांना. आणि आई गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी दोघांचं वाजलं. मी तिथेच होते, जेवणाची पानं मांडत होते. कशावरून सुरू झालं ठाऊक नाही, पण सगळ्या नातेवाइकांसमोर दादा म्हणाले, "तू आईकडे बघितलंच नाहीस, मिलिंद. तू तिच्या यंत्राकडे बघत होतास."

भाऊ म्हणाले, "आणि तू दोन्हीकडे बघितलं नाहीस."

झालं. दादा न जेवता निघून गेले. तेव्हापासून फोन नाही, येणं-जाणं नाही, भीमजयंतीचा साधा मेसेज नाही. एका आईची दोन माणसं, तीही एकेकटी, मेट्रोने अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर. आणि अबोला कसला, तर दोघांचंही आईवर प्रेम होतं म्हणून. डोकं फिरतं माझं असल्या गोष्टींनी.

"फोन करा दादांना," मी म्हटलं.

"यादीवर लिहितो. ज्याच्याकडे बोर्ड असेल तो वाचेल."

"दादा कशाला वाचतील तुमची यादी?"

"नियम तसाच आहे. सगळं यादीवर."

नियमाच्या आड लपणाऱ्या माणसाला बाहेर काढणं कठीण. त्यांनी लिहिलं. मला इंग्रजी बेताचं येतं, पण तो मेल मी वाचला आणि माझे डोळे मोठे झाले. ड्रायव्हर कसा तपासायचा याच्या सूचना होत्या, आणि त्या काय सूचना! काळी खिडकी कशी उघडायची. त्यात काय टाइप करायचं. मग एंटरचं बटण दाबायचं. ते उजव्या हाताला असतं. काही चुकलं तर घाबरायचं नाही, मशीन बिघडत नाही. हेडमास्तराने फटकन उत्तर दिलं, की इथल्या लोकांना एंटरचं बटण कुठे असतं ते माहीत आहे.

माहीत असेलच. पण तो मेल इथल्या लोकांना लिहिलेलाच नव्हता. जोगेश्वरीतल्या एका गणिताच्या मास्तरला लिहिलेला होता, हे मला कळलं. भाऊंना विचारलं तर म्हणाले, "सूचना स्पष्ट असाव्यात." आणि थर्मामीटर पुसायला लागले.

दिवस जात राहिले. कोणी उत्तर देईना. भाऊ रोज खाली यायचे, मी भुवयांनीच विचारायचे, ते मानेनेच नाही म्हणायचे. हेडमास्तर बाकीची कामं उरकत होता, भाऊंचा ड्रायव्हर तसाच पडून. मला वाटायला लागलं, आता काही हे व्हायचं नाही, आणि झालं नाही तर हा माणूस परत त्या रिकाम्या घरात बसून राहील.

आणि एका दुपारी भाऊ जिने उतरत धावत आले. भाऊ! धावत! माझ्या हातात एका मुलीची भुवई होती, दोरा तसाच सोडला.

"दादाचा मेल आला. यादीवर."

त्रोटक मेल. माझ्याकडे हा बोर्ड आहे. सूचनांप्रमाणे केलं. तापमान दिसतं. पुढचा पंखा दिसतो. मागचा पंखा शून्य दाखवतो. खाली सही, पूर्ण नाव. 'प्रिय मिलिंद' नाही, काही नाही. पण आला तर!

मी म्हणणार होते, अहो, किती छान! पण हेडमास्तराचं उत्तरही पाठोपाठ आलं होतं. दुसऱ्या मशीनवर पंखा शून्य म्हणजे ड्रायव्हर चुकीचा कप्पा वाचतोय. मूळ कामच पुन्हा तपासावं लागेल. तोवर थांबू.

भाऊंनी वर जाऊन दार लावून घेतलं. संध्याकाळी मी जेवणाचा डबा घेऊन गेले तर स्वतःचा कॉम्प्युटर उघडून बसलेले, हातात माझीच वॅक्सिंगची पट्टी. सगळं पहिल्यापासून करून बघितलं होतं.

"ड्रायव्हर बरोबर आहे," ते म्हणाले. "शून्य म्हणजे शून्यच आहे. त्याचा पंखा बंद पडलाय." मग एकदम चिडून, "पुस्तकांच्या ढिगात कोंबून ठेवला असेल त्याने डबा. धूळ पुसायची माहीत नाही. स्वतःकडे तरी बघत असेल का? एकटा राहतो. पंखा बंद पडलाय आणि याला पत्ता नाही! अजून काय काय बंद पडलं असेल त्या घरात?"

 मी डबा टेबलावर ठेवला. काळजी होती ती, कोणालाही कळली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. भाऊ इस्त्रीच्या शर्टात. पिशवीत नवा पंखा, ब्रश, स्क्रू ड्रायव्हर.

"चल."

"मी कशाला? तुमचा भाऊ आहे तो."

"साक्षीदार लागतो," म्हणाले. पण पिशवी सारखी या हातातून त्या हातात करत होते, म्हणून मी त्या दिवशी पार्लर बंदच ठेवलं. मेट्रोत आम्ही दोघं शेजारी बसलो. भाऊंनी डब्यातलं तापमानसुद्धा बघितलं नाही. सारखा तो नवा पंखा पिशवीतून काढायचे, पाती फिरवायचे, परत ठेवायचे. तिथून रिक्षा केली.

दार दादांनीच उघडलं. बारीक झाले होते. भाऊंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "चपला आत घ्या. कुत्रं पळवतं."

एवढ्या दिवसांनी पहिलं वाक्य हे! मी आत गेले. भाऊ सरळ टेबलाकडे. दादा सरळ स्वयंपाकघरात. दोघांच्या मधे मी, पाहुणी म्हणावं तर कोणाची?

भाऊंनी डब्याची बाजू उघडली. मी पण वाकून बघितलं. धूळ म्हणाल तर एवढीशीही नाही, लख्ख पुसलेला. मागचा पंखा चांगला धडधाकट. फक्त त्याची वायर बोर्डापासून निघालेली होती. आणि निघून लोंबत नव्हती. नीट घडी घालून, रबरबँड लावून बाजूला ठेवलेली होती.

भाऊ बघत राहिले. मी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. आत भांड्यांचा जरा जास्तच आवाज चालला होता.

भाऊंनी रबरबँड काढला. वायर जागेवर दाबली, बटण चालू केलं. पंखा गरगरला. पडद्यावर शून्याच्या जागी आकडा आला, हजाराच्या वरचा. ड्रायव्हर बरोबर होता. माझ्या तोंडून "झकास!" निघून गेलं.

"झालं का?" दादा आतून म्हणाले.

"झालं. वायर निघाली होती."

"असं होय." मग पुन्हा भांड्यांचा आवाज, मग, "तो तुझा गोरा साहेब. मधे एकदा त्याने तुला टिप्पण्यांवरून झापलं ना? ते काही मला पटलं नाही. तुझंच बरोबर होतं."

भाऊ वळले. "तू वाचतोस यादी?"

"पहिल्या मेलपासून. तुझं नाव टाकून शोधलं होतं एकदा, काय करतोस बघायला." दादा पीठ लागलेल्या हातांनी दारात येऊन उभे राहिले. "रोज बघतो. चार दिवस तुझा मेल आला नाही की जीव घाबरा होतो. फोन करायला तोंड कुठे होतं? आईच्या वेळेला बोललो ते बोलायला नको होतं मी. तू होतास तिच्याजवळ. मी नव्हतो. तेच सहन झालं नाही मला."

भाऊंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मला वाटलं आता काहीतरी मोठं बोलतील. ते म्हणाले, "हे एकदा तपासून भागत नाही. लिनक्सचं दर रविवारी एक कच्चं व्हर्जन निघतं. दोन्ही मशीनवर बघायला लागेल."

"दर रविवारी?"

"दर रविवारी."

"मग जेवायलाच येत जा," दादा म्हणाले. "पिठलं-भाकरी करतोय आता. वैशालीताई, तुम्हीसुद्धा बसा."

जेवण झाल्यावर भाऊंनी दादांच्याच खुर्चीत बसून यादीवर लिहिलं, की दुसऱ्या मशीनवर पंख्याची वायर जोडलेली नव्हती, आता जोडली आहे, आकडा बरोबर येतो. दादा मागे उभे राहून शुद्धलेखन बघत होते. आठवड्याभरात हेडमास्तराने ड्रायव्हर घेतला. त्या ड्रायव्हरच्या खाली रीतीप्रमाणे दोन नावं आहेत. लिहिणारा मिलिंद, तपासणारा सिद्धार्थ, आडनाव एकच. भाऊंनी मला ते दाखवलं तेव्हा मी पार्लरमध्ये सगळ्या बायकांसमोर रडले.

पण मला विचारायचं होतं ते मी त्याच दिवशी परत येताना मेट्रोत विचारलं होतं. "भाऊ, ती वायर आपोआप निघते का हो कधी?"

"नाही," भाऊ म्हणाले. "घट्ट बसते. चिमटीत धरून ओढल्याशिवाय निघत नाही."

"म्हणजे तुम्हाला लगेच कळलं होतं?"

"डबा उघडल्या उघडल्या."

"मग काही बोलला कसे नाहीत त्यांना?"

पंख्याची पिशवी भाऊंनी मांडीवर धरली होती. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बोलावलं ना त्याने मला. अजून काय बोलायचं?"